थंड रोटरचा जमाखर्च

वास्कोतील आमच्या रिवाइंडिंगच्या कार्यशाळेत जळालेली मोटर आली, की मी प्रथम तिचे तांबे पाहत नाही, तिच्या स्टेटरचे, म्हणजे वाइंडिंग धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या स्थिर लोखंडी भागाचे, दाते पाहतो. तांबे नवे भरता येते. पण दोन स्लॉटांमधला (वाइंडिंग बसवायच्या खाचांमधला) लोखंडाचा दात तापून निळा पडला आणि त्याच्या पत्र्यांमधले इन्शुलेशन गेले, की नवे वाइंडिंगही त्या जागी फार दिवस टिकत नाही. झुआरी आणि मांडवी नद्यांतून खनिज वाहणाऱ्या बार्जवरच्या विंचच्या मोटरी, पंप, ट्रॉलरवरचे अल्टरनेटर असे बरेच काही वीस-बावीस वर्षांत माझ्या हाताखालून गेले, आणि त्या सगळ्यांत एकच भांडण पुन्हा पुन्हा दिसले: स्टेटरच्या आतल्या परिघावर जागा मर्यादित असते, आणि तिच्यासाठी तांबे व लोखंड एकमेकांशी झगडत असतात. दात रुंद ठेवावा तर तांब्याला जागा उरत नाही. स्लॉट रुंद करावा तर दात बारीक होतो आणि त्यातले चुंबकीय क्षेत्र 2 टेस्लाच्या जवळ जाऊन लोखंड संपृक्त होते, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासे होते. विद्युत यंत्रांच्या अभिकल्पनाचा (डिझाइनचा) गेल्या शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तहाचा इतिहास आहे.

अतिवाहक, म्हणजे फार थंड केल्यावर विजेला रोधच न करणाऱ्या, तारांच्या यंत्रांविषयी मला जे आकर्षण वाटते, त्याचे मूळ इथे आहे. त्या यंत्रांची ओळख करून देताना बहुधा ‘शून्य रोध, म्हणून शून्य हानी’ असे सांगितले जाते. ते चुकीचे नाही, पण मुद्दा तो नव्हे. मोठ्या जनरेटरची कार्यक्षमता आधीच 98 टक्क्यांच्या पुढे असते. तिथे वाचवण्यासारखे थोडेच उरलेले असते. अतिवाहकाची खरी देणगी अशी, की लोखंडाच्या मदतीशिवाय प्रबळ क्षेत्र उभे करता येते, आणि मग स्टेटरचे दातेच काढून टाकता येतात.

हे आकड्यांत पाहू. रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर परिघाच्या दिशेने किती बल लागते, याला अभिकल्पक कर्तन-ताण म्हणतात. तो स्थूलमानाने दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: रोटर आणि स्टेटर यांच्यामधल्या फटीतले चुंबकीय क्षेत्र आणि स्टेटरच्या परिघावर दर मीटरला वाहणारा विद्युतप्रवाह. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, या ताणाची दुप्पट गुणिले रोटरचे घनफळ इतका असतो. समजा, एका जहाजाच्या पंख्यासाठी 2 मेगावॉटची, मिनिटाला 120 फेऱ्यांची मोटर हवी आहे. तिचा टॉर्क सुमारे 1 लाख 59 हजार न्यूटन-मीटर येतो. चांगल्या पारंपरिक यंत्रात कर्तन-ताण 50 किलोपास्कलच्या आसपास धरला, तर रोटरला सुमारे 1.6 घनमीटर जागा लागते, व्यास 1.2 मीटर ठेवल्यास लांबी 1.4 मीटर होते. फटीतले क्षेत्र दुपटीकडे नेले आणि दाते गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या परिघावर अधिक तांबे बसवून ते द्रवाने थंड केले, तर हाच ताण 150 किलोपास्कलपर्यंत नेता येतो, आणि त्याच व्यासाच्या रोटरची लांबी अर्ध्या मीटरच्याही आत येते. जहाजाच्या मागच्या निमुळत्या भागात किंवा पवनचक्कीच्या टोकावर ही बचत फार मोलाची असते, कारण दोन्ही ठिकाणी वेग मंद, टॉर्क प्रचंड आणि जागा व वजन मोजके असते. अमेरिकन नौदलासाठी अमेरिकन सुपरकंडक्टर या कंपनीने बनवलेल्या 36.5 मेगावॉटच्या, 120 फेऱ्यांच्या मोटरची पूर्ण भारावरची चाचणी 2009 साली फिलाडेल्फियात झाली. तिचा टॉर्क सुमारे 29 लाख न्यूटन-मीटर भरतो आणि वजन सुमारे 75 टन होते.

इतके सांगून झाल्यावर प्रश्न येतो, की तांब्याच्या जागी अतिवाहक तार गुंडाळली की काम झाले का? मीही पूर्वी तसेच समजत होतो. कागद घेऊन एका मोटरचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळले, की तारेचा हिशेब अर्ध्या पानात संपतो आणि बाकीची सगळी पाने उष्णतेच्या जमाखर्चाने भरतात. अतिवाहक यंत्राचा अभिकल्पक दिवसभर वॉट मोजत असतो, आणि तेही एक-एक वॉट.

अतिवाहकता 1911 साली लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांना पाऱ्यात, 4.2 केल्विनजवळ (केल्विनचे शून्य म्हणजे सुमारे उणे 273 अंश सेल्सिअस) सापडली. 1960 च्या दशकात नायोबियम-टायटॅनियमच्या तारा आल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फॉली येथील वीजकेंद्रासाठी 3250 अश्वशक्तीची अतिवाहक मोटर बनवली गेली; पण द्रव हेलियमच्या त्या तापमानाने यंत्रे महाग आणि नाजूक करून ठेवली. 1986 साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिवाहकता शोधली आणि पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइडने 90 केल्विनची मर्यादा ओलांडली. 77 केल्विनला उकळणारा द्रव नायट्रोजन त्यासाठी पुरतो. गोव्यात गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी ठेवलेला तो धुरकट तोंडाचा ॲल्युमिनियमचा डबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हे तापमान जवळून पाहिलेले आहे.

मग यंत्रेही 77 केल्विनवरच का चालवत नाहीत? कारण अतिवाहक पदार्थावर तीन बंधने एकाच वेळी असतात: तापमान, चुंबकीय क्षेत्र आणि प्रवाह. एक वाढवले की उरलेल्या दोहोंना वाव कमी होतो. या ऑक्साइडची आज वापरात असलेली तार टेपच्या रूपात असते; ही टेप साधारण 4 किंवा 12 मिलिमीटर रुंद आणि जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असते, आणि तिच्यातला खरा अतिवाहक थर एक-दोन मायक्रोमीटरचाच. बाकी सगळे निकेलच्या मिश्रधातूचा आधार, चांदी आणि तांबे. अशी टेप 77 केल्विनवर, बाहेरचे क्षेत्र नसताना, चांगला प्रवाह वाहते. पण मोटरच्या कॉइलमध्ये तिला दोन-तीन टेस्लाच्या क्षेत्रात बसायचे असते, आणि ते क्षेत्र टेपच्या रुंद बाजूला लंब पडले की तिची ताकद फारच घटते. म्हणून कॉइलच्या कडांना लोखंडाचे तुकडे ठेवून क्षेत्राची दिशा वळवतात आणि तापमान 30 केल्विनच्या आसपास उतरवतात. ते उतरवण्याची किंमत द्यावी लागते. 300 केल्विनच्या खोलीतून 77 केल्विनवरचा एक वॉट बाहेर काढायला उष्मागतिकीच्या नियमाने किमान 2.9 वॉट लागतात, 30 केल्विनवरचा काढायला 9 आणि 4.2 केल्विनवरचा काढायला सुमारे 70. हे आदर्श यंत्राचे आकडे झाले. प्रत्यक्षातला लहान शीतक (थंड करणारे यंत्र) 30 केल्विनच्या आसपास एका वॉटमागे शंभरेक वॉट वीज घेतो. पुढचा सगळा हिशेब या शंभराने गुणून वाचावा.

पहिला प्रश्न असा, की अतिवाहक तार नेमकी कुठे बसवायची? रोटरच्या फील्ड वाइंडिंगमध्ये, म्हणजे यंत्राचे मुख्य चुंबकीय क्षेत्र उभे करणाऱ्या वेढ्यांत, स्थिर प्रवाह असतो, तिथे हानी जवळपास शून्य. स्टेटरमध्ये मात्र प्रत्यावर्ती प्रवाह आणि फिरते क्षेत्र असते, आणि तिथे अतिवाहकालाही हानी होते, कारण क्षेत्राच्या रेषा पदार्थात शिरताना आणि बाहेर पडताना अडतात आणि प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. 400 अँपिअर वाहू शकणारी 4 मिलिमीटर रुंदीची टेप 0.5 टेस्लाच्या लंब प्रत्यावर्ती क्षेत्रात ठेवली, तर स्थूल अंदाजाने प्रत्येक मीटरमागे दर आवर्तनाला 0.8 ज्यूल जातात. आपली 2 मेगावॉटची, 120 फेऱ्यांची मोटर 16 ध्रुवांची असेल तर वारंवारता 16 हर्ट्झ. म्हणजे मीटरमागे सुमारे 13 वॉट आणि किलोमीटरमागे 13 किलोवॉट. त्याला शंभराने गुणले तर एक किलोमीटर टेप थंड ठेवायला मोटरच्या निम्म्याहून अधिक शक्ती लागेल. थरांनी एकमेकांना झाकल्यामुळे हा आकडा कमी होतो हे खरे, तरी त्याची जात बदलत नाही. म्हणून आजवरच्या बहुतेक मोठ्या यंत्रांत रोटर अतिवाहक आणि स्टेटर साध्या तांब्याचाच आढळतो. पूर्ण अतिवाहक यंत्रावर काम चालू आहे, त्यासाठी बारीक तंतूंच्या मॅग्नेशियम डायबोराइडच्या तारा विशेष आशादायक वाटतात. हा पदार्थ 2001 साली जपानमध्ये अतिवाहक असल्याचे आढळले.

तर रोटर थंड आणि स्टेटर उबदार असे ठरले. आता त्या थंड रोटरमध्ये उष्णता कुठल्या वाटांनी शिरते, ते एकेक करून पाहू.

पहिली वाट प्रारणाची. 300 केल्विनचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे 460 वॉट फेकतो. रोटरभोवती निर्वात ठेवून, ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांचे डझनावारी थर गुंडाळले की हा आकडा चौरस मीटरमागे एक-दोन वॉटवर येतो. आपल्या रोटरचे एकूण पृष्ठ सुमारे 4 चौरस मीटर, म्हणजे चार ते आठ वॉट. ही वाट तशी सहज बंद होते, फक्त निर्वात टिकले पाहिजे. फिरत्या यंत्रात वर्षानुवर्षे निर्वात टिकवणे म्हणजे काय, हे समुद्रकाठच्या दमट हवेत बेअरिंगची सीलसुद्धा किती दिवस टिकते ते पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी वाट शाफ्टची, आणि मला ती या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर अडचण वाटते. 30 केल्विनवरच्या कॉइलवर निर्माण होणारा सगळा टॉर्क 300 केल्विनवरच्या शाफ्टपर्यंत पोहोचवायचा आहे. जोडणारी नळी टॉर्कसाठी जाड आणि आखूड हवी. उष्णतेसाठी पातळ आणि लांब हवी. शॉर्ट सर्किटच्या धक्क्यासाठी नेहमीच्या टॉर्कच्या चौपट धरले आणि नळीचा व्यास 0.8 मीटर, लांबी 0.3 मीटर घेतली, तर स्टेनलेस स्टीलमध्ये 100 मेगापास्कलचा ताण मान्य करून भिंत सुमारे 6 मिलिमीटर येते आणि तिच्यातून सुमारे 160 वॉट आत झिरपतात. तीच नळी ग्लास-फायबर आणि इपॉक्सीची केली, तिला 40 मेगापास्कलच ताण दिला, तर भिंत 16 मिलिमीटर होते. पण हा पदार्थ उष्णता पोलादाच्या विसाव्या हिश्शाइतकीच वाहतो, म्हणून झिरप 20 वॉटवर येते. शंभराने गुणून पाहिले तर 16 किलोवॉट आणि 2 किलोवॉट असा हा फरक आहे. आमच्या कार्यशाळेत ग्लास-फायबरची पट्टी म्हणजे स्लॉटच्या तोंडाशी ठोकायची पाचर. लाखो न्यूटन-मीटरचा टॉर्क त्याच पदार्थाच्या नळीवर तोलला जातो, हे मी पहिल्यांदा मांडले तेव्हा आकडे तीनदा तपासले होते.

तिसरी वाट खुद्द विजेची. फील्डला प्रवाह द्यायला बाहेरून आत तांब्याच्या किंवा पितळेच्या दोन वाहक पट्ट्या न्याव्या लागतात. धातूत वीज आणि उष्णता दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहतात, त्यामुळे विजेला चांगली वाट ही उष्णतेलाही चांगली वाट असते. पट्टी जाड केली तर उष्णता वाहून येते, बारीक केली तर ती स्वतःच तापते. सर्वोत्तम आकाराची पट्टीसुद्धा दर हजार अँपिअरमागे सुमारे 45 वॉट थंड टोकाला आणते, आणि पदार्थ बदलून यात फारसा फरक पडत नाही. 200 अँपिअरच्या फील्डला दोन पट्ट्यांचे मिळून 18 वॉट झाले. म्हणून आता बाहेरून स्पर्श न करता, फिरत्या चुंबकांच्या साहाय्याने बंद अतिवाहक मंडलात थोडा-थोडा प्रवाह भरणाऱ्या फ्लक्स पंपाकडे अनेकांचे लक्ष आहे. त्याने फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश व स्लिप रिंग आणि या पट्ट्या तिन्हींची गरज एकदम संपू शकते.

या साऱ्यांची बेरीज, सांधे आणि मोजमापांच्या तारा धरून, 50 वॉटच्या आसपास येते. शीतकाला 5 किलोवॉट, म्हणजे 2 मेगावॉटच्या पाव टक्का. तांब्याच्या फील्डच्या तुलनेत हा सौदा चांगला आहे. मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. दोन टन पोलाद 300 केल्विनवरून 30 केल्विनवर आणायला सुमारे 16 कोटी ज्यूल काढावे लागतात. सरासरी 200 वॉट उपसणाऱ्या शीतकाला त्यासाठी नऊ दिवसांहून अधिक लागतील, आणि त्या काळात 1.2 मीटर व्यासाचा पोलादी गाभा पोलादाच्या जातीनुसार अडीच ते साडेतीन मिलिमीटरने आकसेल. त्याच्याशी जोडलेला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी हे आकसणे गृहीत धरूनच बसवावी लागते. म्हणून काही रचनांत ध्रुवांचे लोखंड उबदार ठेवून फक्त कॉइलच थंड पेटीत बसवतात. थंड करायचे वजन घटते, पण मग प्रत्येक कॉइलवरचे बल वेगवेगळ्या आधारांतून बाहेर आणावे लागते आणि झिरपण्याच्या वाटा वाढतात. यांतले कोणते बरे, याचे एक उत्तर नाही. मंद वेगाच्या मोठ्या यंत्राला मला उबदार लोखंड अधिक योग्य वाटते, कारण बंद पडलेले जहाज नऊ दिवस धक्क्याला उभे करता येत नाही.

स्टेटरकडे परत येतो, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला तिथेही नवे शिकायचे आहे. दाते गेले म्हणजे तांब्याची प्रत्येक तार सबंध क्षेत्रात उघडी पडली. पारंपरिक मोटरमध्ये टॉर्कचे बल मुख्यतः लोखंडी दातांवर पडते, स्लॉटमधले तांबे तुलनेने निर्धास्त असते. इथे ते सगळे बल तारांवरच पडते आणि त्यांना ग्लास-फायबरच्या दातांनी धरून ठेवावे लागते. शिवाय जाड पट्टीत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह, माजतात, म्हणून बारीक, एकमेकींपासून इन्शुलेट केलेल्या, पीळ देऊन जागा बदलत नेलेल्या तारांची दोरी वापरावी लागते. रोटरच्या बाहेरच्या बाजूला तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे उबदार नळकांडे असते. मोटरला वीज पुरवणाऱ्या कन्व्हर्टरमधून आलेले हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले नको असलेले प्रवाह, त्यातच अडकून पडतात आणि थंड कॉइलपर्यंत पोहोचत नाहीत. निर्वात, पापुद्रे, हे नळकांडे या सगळ्यांमुळे कॉइल आणि स्टेटर यांच्यात काही सेंटिमीटर अंतर पडते. त्यामुळे यंत्राचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा, म्हणजे सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स पारंपरिक यंत्रापेक्षा कितीतरी कमी असतो. वीजजाळ्याच्या स्थैर्याला ते उपकारक, पण शॉर्ट सर्किटचा प्रवाह मोठा. वर शाफ्टच्या नळीला चौपट टॉर्क धरला तो याच भीतीने.

शेवटचा विषय कॉइल बिघडण्याचा. टेपचा एखादा बिंदू काही कारणाने तापून अतिवाहकता सोडतो, त्याला क्वेंच म्हणतात. नायोबियम-टायटॅनियममध्ये ही तापलेली जागा सेकंदाला अनेक मीटर वेगाने पसरते आणि ऊर्जा सगळ्या कॉइलभर वाटली जाते. नव्या टेपमध्ये ती सेकंदाला मिलिमीटर-सेंटिमीटरच सरकते. सगळी उष्णता एकाच ठिकाणी कोंडते आणि काही मिलिव्होल्टचा फरक दिसेपर्यंत टेप जळूनही जाते. यावर 2011 साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी मांडलेला उपाय मला आजही विचारात पाडतो: वेढ्यांमध्ये इन्शुलेशनच ठेवायचे नाही. एखादा बिंदू तापला तर प्रवाह शेजारच्या वेढ्यात उडी मारून पुढे जातो आणि कॉइल वाचते. त्याची किंमत अशी, की कॉइल चार्ज व्हायला वेळ लागतो, आणि शॉर्ट सर्किटच्या धक्क्यात वेढ्यांमधून आडवे प्रवाह उसळून भलतीच बले निर्माण होतात. म्हणून आता वेढ्यांमध्ये पोलादाची पातळ पट्टी घालून तो आडवा रोध नेमका किती ठेवावा, यावर काम चालते. यंत्राच्या सांगाड्यापासूनचे इन्शुलेशन तर तिथेही लागतेच. पण वाइंडिंग पूर्ण झाले की आम्ही ज्या सर्ज टेस्टरने वेढ्या-वेढ्यांतले इन्शुलेशन तपासतो आणि त्यात उतरल्याशिवाय मोटर दाराबाहेर जाऊ देत नाही, त्या चाचणीत ही कॉइल पहिल्याच क्षणी नापास होईल. आणि तिचा अभिकल्पक त्या निकालावर समाधानाने सही करील.